दुपट्ट्याखाली

उपकेंद्राच्या मागच्या खोलीत, लसींच्या फ्रीजशेजारी
मी चार स्पेस आत सरकून लिहितो.
पायथनला वाकडी रेघ चालत नाही,
कुमरे सिस्टरला आत चप्पल चालत नाही.
दोघांचंही ऐकतो.

काम एवढंच:
इथल्या रक्ताचे निकाल कुरखेड्याला पोचावेत
आणि वाटेत कोणी वाचू नयेत.

मागच्या साली ते उघडेच जात होते,
पोस्टकार्डासारखे.
सिकलसेलचा एक निकाल कुठून फुटला ठाऊक नाही,
पण पोरीची सुपारी फुटायच्या आधीच
तो सासरच्या गावी जाऊन बसला होता.
माझ्या तारेतून गेला की कोणाच्या तोंडातून,
मला कोणी विचारलं नाही.
मीच विचारत असतो.

म्हणून आता साध्या सॉकेटला गुंडाळतो आहे.
तालुक्याच्या मशीनसाठी दाखला बनवला,
सही माझी, मोहरही माझीच.
तहसीलमध्ये असं केलं असतं तर आत गेलो असतो.
ती सही ओळखणारी फाईल पेनड्राइव्हमध्ये टाकून
वरच्या खिशाला पिन लावून
सतरा किलोमीटर मोटरसायकलवर आणली.
पहिला विश्वास तारेतून येत नाही,
तो असाच आणावा लागतो, गचके खात.

बा बैलबाजारात दलाल होता.
भर बाजारात दोन हात एका दुपट्ट्याखाली,
बोटं दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची.
भोवती वीस माणसं चहा पीत उभी.
दुपट्टा हलताना सगळ्यांना दिसे,
भाव कोणालाच नाही.
मी विचारी, "बा, जोडी कितीले गेली?"
"काऊन? तुले घ्याची हाये का?"

दोन मशीनीही तेच करतात.
"हाये का कोणी?"
"हाये. हा माझा दाखला."
काही आकडे उघड्यावर टाकतात,
काही पोटात ठेवतात,
आणि एक किल्ली तयार होते
जी कोणी कोणाला दिलेलीच नसते.

पण होत नव्हतं.
तीन दिवस एकच उत्तर:
दाखला अजून लागू झालेला नाही.
नागपूरचा प्रफुल फोनवर म्हणाला,
"तपासणीच बंद कर ना बे. एका ओळीचं काम."
ती ओळ लिहिली. लगेच चाललं.
जो म्हणेल मी कुरखेडा, त्याला
निकाल द्यायला आमची मशीन तयार.
ती ओळ खोडली, आणि हात धुवून आलो,
का, ते सांगता येणार नाही.

मग दिसला पडद्याचा उजवा कोपरा.
एक जानेवारी, दोन हजार पाच.
रात्री लाईन जाते, आतला सेल मेलेला,
रोज सकाळी मशीन तिथूनच उठते.
ज्या दाखल्यावर मी तीन दिवस चिडलो
तो तिच्या हिशेबानं जन्मलाच नव्हता.
ती खोटं बोलत नव्हती.

गुरुवारच्या बाजारात इस्तारी घडीवाल्याकडे
रुपयाएवढा सेल मिळाला.
"कोणत्या घडीचा?"
"वीस साल मागं चालते तिचा."
तो हसला नाही. चष्म्यावरून पाहत
चाळीस रुपये म्हणाला.

आज जोडणी झाली.
मध्येच तार कापून पाहावी तसं पाहिलं:
नुसता कचरा, अर्धी अक्षरं, ठिपके.
सिस्टर वाकून बघत म्हणाल्या,
"हे काय होय?"
"निकाल."
"काहीच तं वाचता येत नाही."
"हो."

मग त्या पहिलं नाव टाकायला बसल्या.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी खुर्ची वळवली
आणि फ्रीजचा काटा वाचत राहिलो.
चार अंश.
अजूनही चार.